काबर सर

चौधरी सरांना भजी फार आवडायची, पण त्यांच्याबरोबर भजी खाणं म्हणजे आम्हा पोरांना शिक्षाच वाटायची. देवपुरातल्या आमच्या कॉलेजसमोर एक टपरी होती. तिथं भजी वर्तमानपत्राच्या कागदावर मिळायची. आम्ही दोन-चार घासांत कागद रिकामा करून त्याचा बोळा फेकायच्या बेतात असायचो, तेवढ्यात सरांचा हात पुढं यायचा. तेलानं पारदर्शक झालेला तो कागद ते उजेडाकडं धरून वाचत बसायचे. कुठल्या तरी शिळ्या अंकातली अर्धी बातमी असायची. सुरुवात दुसऱ्याच्या कागदावर गेलेली आणि शेवट तिसऱ्याच्या. वाचून झालं की सर कागदाची घडी घालून खिशात ठेवायचे आणि ती बातमी टपरीवाल्याला तोंडी सांगायचे. टपरीवाला झाऱ्यावर भजी निथळत "मंग?" म्हणायचा.

"मग पुढचं फाटलं की! आता तूच सांग, पुढं काय झालं असेल? आणि काबर?"

टपरीवाला बिचारा खरंच विचार करायचा. एकदा त्या नादात त्याचा अख्खा घाणा करपला, तोही सरांनीच विकत घेतला आणि आम्हाला खायला लावला.

'काबर' म्हणजे आमच्या अहिराणीत 'का', 'कशासाठी'. सरांची स्वतःची बोली ही नव्हे. ते रावेरकडचे, केळीच्या मुलखातले. तिकडची बोली वेगळीच. सर घाईत असले की केळीचं 'केयी' व्हायचं आणि शाळेची 'शाया'. आम्ही मागच्या बाकावर खुसखुसायचो. धुळ्याला नोकरीला आल्यावर त्यांनी अहिराणीतला पहिला शब्द उचलला तो हा, आणि तो त्यांना इतका आवडला की बाकीची अहिराणी नीट शिकायची राहूनच गेली. रस्त्यात कुणी भेटलं, "सर, बदली व्हयनी," म्हणालं, की अभिनंदन नाही, काही नाही, आधी "काबर?" त्यामुळं हजेरीपटावर ते प्राध्यापक चौधरी असले तरी आख्ख्या देवपुरात त्यांना काबर सर म्हणत. त्यांना ते माहीत होतं. रागावले मात्र कधी नाहीत.

दिसायला अगदी साधे. उंच, किंचित वाकलेले, पँटच्या पायांना सायकलच्या साखळीचं वंगण लागू नये म्हणून घोट्याशी क्लिपा, आणि त्या क्लिपा काढायचं वर्गातही भान नसायचं. पँटच्या उजव्या खिशात भाजलेल्या शेंगा. कायम. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, दर धुण्याला खिसा उलटा करून टरफलं झाडायच्या आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलायच्या. शेंगा सर स्वतः क्वचित खायचे. त्या बक्षीस द्यायला असत. पण बरोबर उत्तराला शेंग मिळत नसे. कुणी चांगला 'काबर' विचारला तरच सर खिशात हात घालायचे, एकच शेंग काढायचे आणि त्याच्यासमोर बाकावर ठेवायचे. आमच्या वर्गात एक शेंग मिळालेला मुलगा दिवसभर ताठ चालायचा.

सर अर्थशास्त्र शिकवायचे. चांगलं शिकवायचे, पण ते शिकवणं मला आज फारसं आठवत नाही. आठवतो तो गाडीचा तास.

आमचं कॉलेज सकाळचं. दुपारी सुटायचं, आणि साक्री रस्त्यानं जाणारी आमच्या गावांची एसटी संध्याकाळी निघायची. मधला वेळ आम्ही खेड्यावरची पोरंपोरी कॉलेजच्या कडुलिंबाखाली काढायचो. डबे खायचो, पेंगायचो, एकमेकांच्या वह्या उतरवायचो. सरांच्या ते नजरेला आलं. एके दिवशी ते सायकल लिंबाला टेकवून आमच्यात येऊन बसले आणि माझ्या मांडीवरचं पुस्तक उचललं. पुस्तक उघडताच त्यांचा चेहरा बदलला. मी दर ओळीखाली रेघ मारली होती. महत्त्वाच्या ओळींखाली लाल, फार महत्त्वाच्या ओळींखाली निळी, आणि एका रंगानं ज्यांचं समाधान झालं नव्हतं त्यांच्याखाली दोन्ही.

"हे पुस्तक तू वाचलंस की रंगवलंस?"

मी म्हणालो, "वाचलं, सर."

"मग मिट आणि सांग."

मी मिटलं. डोळ्यांपुढं नुसत्या लाल-निळ्या रेघा आल्या. सरांनी पुस्तक परत माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "उद्यापासून गाडी येईपर्यंत मी इथं. पेन्सिली घरी ठेवून यायचं."

तेव्हापासून लिंबाखाली गाडीचा तास सुरू झाला. त्याचा ना टाइमटेबलमध्ये पत्ता, ना सरांना त्याचे पैसे. रीत अशी होती. एक पान वाचायचं, मनातल्या मनात, ओठ न हलवता. ओठ हलले की सर लिंबाची काडी मारायचे, लागेल अशी नव्हे. पान संपलं की पुस्तक मिटायचं. मग शेजारच्याला ते पान सांगायचं, आणि तेही घरी आईशी बोलतो त्या बोलीत. पुस्तकातला जड शब्द आला की सर थांबवायचे, "हा शब्द तुझ्या घरी येतो का? नाही ना? मग त्याला बाहेर ठेव, नुसतं काय झालं ते सांग." ऐकणाऱ्यानं मधून मधून 'काबर' विचारायचं. अडलं की पुस्तक उघडायचं आणि काय सुटलं ते पाहायचं. एवढंच. अहिराणीत अर्थशास्त्र सांगताना आम्ही पहिल्यांदा इतके हसलो की टपरीवाला बघायला आला. वर्गात तोंड उघडलं की आमचं मराठी अडखळायचं, खेड्यावरचं म्हणून पोरं हसायची. लिंबाखाली मात्र आमची जीभ सुटली. वाचलेलं सांगता येतं हे मला तरी तिथंच पहिल्यांदा कळलं.

सुमनची गोष्ट या लिंबाखालचीच आहे.

सुमन माझ्या अलीकडच्या गावची. आमच्याच वर्गात, पण एक वर्ष पुढची, म्हणजे पहिल्या वर्षाला अर्थशास्त्रात नापास होऊन आमच्यात आलेली. तिचे वडील मिरची लावायचे. गावात त्यांना सगळे आबाच म्हणत. खाऊनपिऊन सुखी घर, पण पोरीला धुळ्याला शिकायला पाठवणारं त्या गावातलं पहिलंच. नापास झाली तेव्हा आबांनी एवढंच सांगितलं होतं, "आखो एक डाव. मंग शिरपूरवाला पाहुना येतीन, त्यासले हो सांगसू." शिरपूरचं स्थळ थांबायला तयार होतं. सुमन थांबायला तयार नव्हती. तिला शिक्षिका व्हायचं होतं आणि हे तिनं फक्त आम्हा गाडीतल्या पोरापोरींना सांगितलं होतं.

अभ्यास तर ती सगळ्यांपेक्षा जास्त करायची. गाईड पाठ. अख्खं. सरांनी पहिल्याच दिवशी तिला मागणीचा नियम विचारला. ती उभी राहिली, डोळे मिटले आणि गाईडातलं पान स्वल्पविरामासकट म्हणून दाखवलं. आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. सर चुकीच्या उत्तरावर कधी चिडत नसत, पण पाठ केलेल्या बरोबर उत्तरानं त्यांच्या कपाळाची शीर उडायची. ते म्हणाले, "काबर?"

सुमननं परत पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली.

"तसं नाही. भाव वाढला की लोक कमी घेतात, असं म्हणालीस. काबर कमी घेतात?"

सुमन तिसऱ्यांदा पहिल्या वाक्यापाशी आली आणि या वेळी मधला एक शब्द निसटला. तिथून पुढचं सगळं बंद. परीक्षेत तिचं हेच झालं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी तिकडं पाहिलंच नाही. ते शेंग सोलत म्हणाले, "तुमच्याकडं लुगडं महाग झालं तर तुझी आई काय करते?"

"जुनंच नेसस," सुमन नाक पुसत म्हणाली. "लगीन ऊनं तरी म्हनस, पुढला वरीसले लिसू."

"आणि मीठ महाग झालं तर?"

"मीठ ते लेनाच पडी, सर. बिनमिठनी भाजी कोन खाई?"

"काबर? लुगड्याचं एक आणि मिठाचं दुसरं, असं काबर?"

सुमन विचार करायला लागली आणि मग बोलायलाच लागली. लुगडं ढकलता येतं, मीठ ढकलता येत नाही. मीठ लागतं चिमूटभर, ते महाग झालं तरी कळत नाही. लुगड्याऐवजी जुनं चालतं, मिठाऐवजी काय चालणार? ती थांबेचना. सरांनी पुस्तक उघडून 'मागणीची लवचिकता' हा धडा तिच्यापुढं धरला आणि म्हणाले, "हा आपण अजून घेतलेलाच नाही. तू सांगून टाकलास."

त्या दिवसापासून सुमनला सांगायचं वेडच लागलं. लिंबाखाली सांगून पोट भरेना म्हणून ती गाडीत सांगायला लागली. आमच्या गाडीचे कंडक्टर नाना मोठे बोलके. तिकिटं फाडून झाली की ते सुमनच्या सीटशी टेकून उभे राहायचे, "हा, आज काय धडा शे?" सुमन सांगायची. बाजारहून परतणाऱ्या बाया पिशव्या मांडीवर घेऊन ऐकायच्या. नाणेबाजार, मजुरी, जमिनीचा खंड, सगळं त्या गाडीतून प्रवास करून आलं. एकदा मजुरीच्या धड्यावर मागच्या सीटवरची एक बाई उठून भांडायलाच लागली, "बाईमानूसले कमी आनि गडीले जास्ती, हाई तुन्हा पुस्तकमा काबर नही?" सुमन दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न घेऊन सरांकडं आली. सरांनी पुस्तक चाळलं, परत चाळलं, मग दोन शेंगा काढल्या. "एक तुझी. एक त्या बाईंना नेऊन दे." सुमननं ती शेंग खरोखर नेऊन दिली. त्या बाईला वाटलं, पोरगी खुळी आहे.

मार्चमध्ये परीक्षा झाली. अर्थशास्त्राचा पेपर देऊन आम्ही बाहेर पडलो तेव्हा सुमनइतकं खूश कुणी नव्हतं. लवचिकतेचाच मोठा प्रश्न आला होता. "इतलं लिखं, इतलं लिखं, पुरवणी लीसन लिखं," असं ती सांगत होती. मग लिंबाखाली आल्यावर मी सहज विचारलं, मिठाचं उदाहरण कसं लिहिलंस. ती सांगायला लागली आणि सांगता सांगता तिचा आवाज बारीक झाला.

"मी असंच लिखं," ती म्हणाली.

"असंच म्हणजे?"

"असंच. सांगस तशी. बिनमिठनी भाजी कोन खाई, असं."

पेपर संपत आला होता, हात भरभर चालत होता, आणि ती लिंबाखाली किंवा गाडीत सांगायची तशी पान दर पान अहिराणीत लिहून मोकळी झाली होती. सुरुवात गाईडातल्या मराठीत होती, पुढं कुठं वळण घेतलं ते तिलाही आठवेना. आम्हाला हसू आलं. सुमनच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि हसू गेलं. आमचे पेपर कुठल्या गावाला तपासायला जात कुणास ठाऊक. तिथल्या परीक्षकाला 'शे' म्हणजे काय हे तरी कळणार होतं का?

सरांना सांगायला मीच गेलो. ते ऐकून घेताना सरांनी सायकलची घंटी उगाच दोनदा वाजवली. मग म्हणाले, "सांगायला शिकवलं मी. तिथंच थांबलो." ते मला बस म्हणाले नाहीत की जा म्हणाले नाहीत. मी आपणच निघालो.

निकाल लागला. सुमन अर्थशास्त्रात गेली. अगदी थोडक्यानं गेली. त्या उत्तरानं गेली की दुसऱ्या कशानं, हे कळायला काही मार्ग नव्हता, आणि आम्ही सरांना तसं पुन्हा पुन्हा सांगितलंही. सर ऐकायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या गाडीत ते चढले. पायांना क्लिपा तशाच. नानांनी त्यांना पुढची सीट दिली. सर मला म्हणाले, "आबांचं घर दाखव."

आबा ओट्यावर बसले होते. वाळलेल्या मिरचीची पोती भिंतीला लावून ठेवलेली. बाजारात भाव पडला म्हणून आबांनी तो माल परत आणला होता. वारा त्या पोत्यांवरून आमच्याकडं येत होता. मिरचीच्या गावच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. सरांना मात्र ठसका लागला आणि तो थांबायचं नाव घेईना. माफी मागायला आलेला माणूस वाक्यावाक्याला शिंकत असेल तर समोरच्यानं गंभीर कसं राहायचं? तरी आबा राहिले. त्यांनी सरांना पाण्याचा तांब्या दिला, बाजेवर बसवलं आणि म्हणाले, "बोला, सर."

"आबा, पोर तुमची हुशार आहे," सर म्हणाले आणि शिंकले. "चूक माझी आहे. मी तिला बोलीत सांगायला लावलं. लिहायचं कसं ते वेगळं शिकवायला हवं होतं. ते राहिलं." परत शिंक. "ऑक्टोबरला परत पेपर असतो. तेवढी एक संधी द्या."

आबा म्हणाले, "सर, तुमी इतला लांब ऊनात, तुमना मान शे. पन पाहुनास्ले मी काय सांगू? पोर दोन डाव नापास व्हयनी. शिकीसन तिले काय समजस, हाई बी माले ठाऊक नही."

दाराआड सुमन उभी होती. सर काही बोलणार तेवढ्यात आबांनीच तिला हाक मारली. "सुमन, बाहेर ये. तू त्या पेपरमा काय लिखं व्हतं? माले सांग."

सुमन बाहेर आली. मला वाटलं, आता ती घाबरणार आणि पहिल्या वाक्यापाशी अडकणार. ती ओट्याच्या कडेला बसली आणि लुगड्यापासून सुरू केलं. तिच्या बापानं आजवर तिच्या शिक्षणातला एक शब्द ऐकला नव्हता. लुगडं झालं, मीठ झालं. आबा आधी पोरीकडं बघत नव्हते, मग हळूहळू तिच्याकडं वळून बसले.

"मंग आपली मिरची?" त्यांनी विचारलं. "ती लुगडानामायक की मीठनामायक?" म्हणजे लुगड्यासारखी की मिठासारखी.

"मीठनामायक, आबा. भाकरवर चटनी लागसच."

"मंग भाव काबर पडस?" आबांचा आवाज चढला. हा त्यांचा स्वतःचा, दर हंगामातला प्रश्न होता. "लोक खातस ते खातसच ना? मंग बजारमा माल जास्ती ऊना की एकदम मातीमोल काबर?"

मी सरांकडं पाहिलं. सर ठसका दाबून धरून बसले होते, चेहरा लाल.

"म्हनीसनच ना, आबा," सुमन म्हणाली. "भाव उतरना म्हनीसन कोनी एक भाकरवर दोन चटन्या खास का? लागस तितलीच लागस. मंग जास्तीना माल कोन ली? यापारीले ते ठाऊक शे. तो म्हनस, देनं व्हई ते दे, नही ते परत लई जा."

आबांनी पोत्यांकडं पाहिलं. मग म्हणाले, "आनि बठ्ठा गाव, अख्खा गाव, एकच दिन माल काबर लई जास?"

"तुमी काबर लई जातस, आबा?"

आबा एकदम हसायला लागले. "शेजारनी गाडी निंघनी म्हनीसन!"

तेव्हा सर उठले. पँटच्या खिशात हात घातला, एक शेंग काढली आणि आबांच्या समोर ओट्यावर ठेवली. मग परत बाजेवर जाऊन बसले.

आबांनी शेंग उचलून उलटसुलट पाहिली. "हाई काय शे?"

सुमनला हसू आवरेना आणि रडूही. तिला सांगता येईना म्हणून मला सांगावं लागलं की काबर विचारणाऱ्याला सर शेंग देतात. मोठा मान असतो तो. आबांनी ती शेंग सोलली, एक दाणा स्वतः खाल्ला, एक पोरीला दिला आणि म्हणाले, "बरं शे. ऑक्टोबरले बसू द्या. पाहुनास्ले मी सांगस काय ते."

परतीच्या गाडीपर्यंत सरांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरीबरोबर चटणी होती. सरांनी ती शिंकत शिंकत पूर्ण खाल्ली.

त्यानंतर गाडीच्या तासाची रीत बदलली. सांगून झालं की आता लिहायचं, परीक्षेच्या मराठीत, आणि लिहिलेलं सरांना दाखवल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. या बाबतीत सर इतके कडक झाले की एकदा त्यांनी आमच्या नानांना गाडी थांबवून ठेवायला लावली, कारण सुमनचा शेवटचा परिच्छेद अर्धा होता. नानांनी गाडी थांबवली. आतल्या बायांनी खिडकीतून विचारलं, "व्हयनं का व सुमन?" ऑक्टोबरला सुमन पास झाली. फार मोठे मार्क नव्हते, पण पास झाली, पुढचं वर्ष झालं, त्याच्या पुढचंही झालं. मी नोकरीला लागलो. ती पुण्याला शिकायला गेली. आबांनीच तिला गाडीत बसवून दिलं.

सर रिटायर होऊन जळगावला, पिंप्राळ्यात मुलाकडं राहायला आले. माझीही बदली तिकडंच झाली होती. अधूनमधून जाणं व्हायचं. मोठ्या आजारपणानंतर सरांचं घराबाहेर पडणं बंद झालं होतं. काकूंनी शेंगांचा डबा फडताळात वर ठेवून दिला होता, डॉक्टरांच्या हुकमानं. सर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे आणि किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला बातमी सांगायचे. आवाज खोल गेला होता, पण 'काबर' तेवढं खणखणीत यायचं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला सुमन एकदा जळगावला आली. ती आता एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. आम्ही रिक्षा करून पिंप्राळ्याला गेलो. सरांनी तिला लगेच ओळखलं. चहा झाला. आबांची विचारपूस झाली. आबा आता सगळ्यांच्या नंतर माल काढतात आणि गावाला भाषण देतात, असं सुमननं सांगितलं. सर हसले. मग एकाएकी गंभीर होऊन म्हणाले, "लिहून घेतेस ना गं पोरांकडून? नुसतं सांगायला नाही ना लावत?"

"रोज घेते, सर."

इतक्या वर्षांनीही ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. सुमनलाही वाटलं असणार, कारण ती खुर्ची पुढं ओढून म्हणाली, "सर, तुम्हाला एक सांगायचं होतं. यंदा माझ्याकडं तपासायला पेपर आले होते. त्यात एकानं निम्मं उत्तर बोलीत लिहिलेलं. आपली नव्हे, दुसरीकडचीच कुठली तरी बोली. सुरुवात पुस्तकातल्या मराठीत आणि मग सुटलाच."

सरांनी हातातला कागद खाली ठेवला. "मग?"

"पुन्हा वाचलं. सावकाश. भाषेचे कापले थोडे. पण समजलेल्याचे सगळे दिले. पास झाला."

"काबर?" सर म्हणाले.

सुमन म्हणाली, "पाठ केलेलं नव्हतं, सर. मिटून सांगितलेलं होतं. मला लगेच कळलं."

सरांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती. मग आतल्या दिशेनं म्हणाले, "अगं, तो डबा काढ."

"डॉक्टरांनी नको म्हटलंय ना?" काकू आतून म्हणाल्या.

"मला नको. तिला."

काकूंनी डबा आणून दिला. सरांनी एक शेंग निवडली आणि सुमनसमोर खुर्चीच्या हातावर ठेवली. सुमननं ती मुठीत घेतली आणि निघेपर्यंत मूठ उघडली नाही.

आम्ही फाटकापाशी आलो. रिक्षा सुरू झाली होती. मागून सरांनी हाक मारली, म्हणून पाहिलं तर काकूंच्या आधारानं खुर्चीतून उठून व्हरांड्याच्या खांबाला धरून उभे.

"त्या पोराला लिहायला शिकवा गं कुणीतरी!"

"सर, पेपरवर नाव नसतं," सुमन ओरडून म्हणाली. "नुसता नंबर असतो. तो कोण, कुठला, मला काय ठाऊक!"

सरांनी खांब सोडला, हात वर केला आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक अख्खं वाक्य न चुकता अहिराणीत बोलले.

"मंग बठ्ठास्ले शिकाड!"